पेशीच्या सांगाड्याचा आराखडा नेमका कुणाकडे असतो?

तिरपागडे (धागाकर्ता)

पेशीची आकृती कुठल्याही पुस्तकात बघा. केंद्रक, मायटोकॉन्ड्रिया, गॉल्जी यांना ठळक रंग, आणि मागे कुठेतरी फिकट रेघांचं जाळं. त्याला 'पेशीसांगाडा' असं नाव दिलं की चित्रकार मोकळा. पुढच्या पानावर तीन तंतूंची यादी: ॲक्टिनचे साधारण ७ नॅनोमीटर जाडीचे, इंटरमीजिएट फिलामेंट १० च्या आसपास, मायक्रोट्यूब्यूल २५. इथपर्यंत माझं पाठ आहे.

अडतं ते पुढे. ॲक्टिन हे एकच प्रथिन, त्याचे रेणू एकाला एक लागले की तंतू होतो. पण त्याच पेशीत, त्याच ॲक्टिनपासून एका बाजूला ताठ निमुळते कोंब फुटतात, दुसरीकडे पातळ पसरट कड पुढे सरकते, तळाशी ताणलेल्या जुड्या असतात आणि विभाजनाच्या वेळी मधोमध आवळणारं कडं तयार होतं. ॲक्टिनच्या एका रेणूला कसं कळतं की आपण कुठे लागायचं?

माझं मत (वाद घालायला मोकळीक आहे): कुठेतरी आराखडा असल्याशिवाय हे व्हायचं नाही. तो जनुकांत असणार आणि केंद्रकातून हुकूम सुटत असणार. जाणकारांनी लिहावं. मी वाणिज्य शाखेचा, तेव्हा जरा बेताने घ्या.

शैवाल

केंद्रकातून हुकूम? सस्तन प्राण्यांच्या लाल रक्तपेशीत केंद्रकच नसतं. तरी तिचा स्पेक्ट्रिन या प्रथिनाचा, पटलाखालचा सांगाडा माणसात साधारण १२० दिवस टिकतो. प्लीहेतल्या चिंचोळ्या फटींतून पिळवटून निघाली तरी पेशी परत मूळ आकारात येते.

तिरपागडे

@शैवाल, पण तो सांगाडा बांधला गेला तेव्हा केंद्रक होतंच की. बांधकाम संपल्यावर मुकादम घरी गेला, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

शैवाल

बरं, मग हे घ्या. माशांच्या खवल्यांवर केरॅटोसाइट नावाच्या भराभर सरपटणाऱ्या पेशी असतात. त्यांचा केंद्रक नसलेला तुकडा सुटा पडला तरी एकटाच सरपटत राहतो.

त्याहून भारी प्रयोग १९९७ चा, रोडिओनोव्ह आणि बोरिसी यांचा. माशाच्या रंगपेशीचा तुकडा कापून वेगळा केला. त्यात केंद्रक नाही, सेंट्रोसोमही (प्राणिपेशीत जिथून मायक्रोट्यूब्यूल निघतात ते ठिकाण) नाही. रंगकणांना गोळा व्हायचा संदेश मिळाला की डायनिन प्रथिनं ते कण मायक्रोट्यूब्यूलवरून ओढत एका जागी आणतात, आणि मग मायक्रोट्यूब्यूलच त्या ढिगाभोवती त्रिज्यांप्रमाणे नव्याने मांडले जातात. वर तो ढीग सरकत सरकत तुकड्याच्या मध्यावर येऊन बसतो. मध्य कुठे आहे हे त्याला कुणी सांगितलं?

बाराखडी

धाग्यावर नजर ठेवून आहे. भांडा, भांडा.

नऊअधिकदोन

याच विषयात काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी फक्त ॲक्टिन घेऊ.

ॲक्टिनचे दोन रेणू एकत्र आले तर टिकत नाहीत, लगेच सुटतात. तीन-चार जमेपर्यंत तग धरला तर पुढे वाढ भराभर होते. म्हणजे तंतू वाढवणं सोपं, सुरू करणं अवघड. पेशीत मोकळे ॲक्टिन रेणू भरपूर असतात, पण प्रोफिलिन आणि थायमोसिन बीटा-४ ही प्रथिनं त्यांना धरून ठेवतात, आपापसात उगाच जुळू देत नाहीत. त्यामुळे 'तंतू कुठे होणार' हा प्रश्न शेवटी 'सुरुवात करून देणारं प्रथिन कुठे बसलंय' इथे येतो.

अशी सुरुवात करून देणारी दोन मुख्य घराणी. एक आर्प २/३, सात प्रथिनांचा संच. तो आधीच्या तंतूच्या कडेला बसतो आणि साधारण ७० अंशांच्या कोनात नवी फांदी काढून देतो. फांदीला फांदी फुटत दाट जाळं होतं, आणि तेच तुमची ती पसरट कड पुढे ढकलतं. दुसरं फॉर्मिन. ते वाढत्या टोकालाच चिकटून टोकाबरोबर पुढे जातं, त्यामुळे फांद्या न फुटता लांब सरळ तंतू मिळतात. माल तोच, सुरुवात वेगळी, रचना वेगळी.

मग बांधणारी प्रथिनं येतात. फॅसिन तंतूंची घट्ट जुडी बांधतं, कोंबात तेच असतं. अल्फा-ॲक्टिनिन जरा अंतर ठेवून बांधतं, त्यामुळे मधल्या जागेत मायोसिनला (तंतू ओढणाऱ्या प्रथिनाला) शिरता येतं आणि जुडी आकुंचन पावू शकते. फिलामिन आडव्यातिडव्या तंतूंना जिथे ते एकमेकांना छेदतात तिथे जोडतं.

आणि मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे तंतूचं वय. नवा रेणू येताना एटीपी (पेशीचं इंधन असलेला छोटा रेणू) घेऊन येतो. लागल्यावर काही सेकंदांत त्या एटीपीचं विघटन होऊन जागेवर एडीपी उरतं. कोफिलिन हे कापणारं प्रथिन या एडीपीवाल्या जुन्या भागालाच जास्त पकडतं. परिणाम असा की कडेला नवीन जाळं बांधलं जातं, थोडं मागे जुनं मोडतं, आणि सुटे रेणू परत पुढे वापरले जातात. कुठला भाग पाडायचा हे कुणी येऊन ठरवत नाही, ते तंतूच्या रसायनातच आहे.

जनुकांबद्दल एवढंच, की कुठलं प्रथिन कसं घडवायचं आणि किती बनवायचं ते तिथे ठरतं. जाळ्याचा नकाशा तिथे नाही.

बाराखडी

म्हणजे मुकादम कुणीच नाही, सगळे रोजंदारीवर. तरी काम वेळेत होतं!! आमच्या मॅनेजरांना हा धागा दाखवायला हवा.

आडवाटे

+१. नऊअधिकदोन, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका राव.

किरमिजी

मला इतकं सोपं वाटत नाही. 'सगळं आपोआप' म्हणायची हल्ली फॅशन आहे.

ॲन रिडली आणि ॲलन हॉल यांनी १९९२ मध्ये काय दाखवलं? शांत बसलेल्या पेशीत ऱ्हो हे छोटं प्रथिन सक्रिय केलं की ताणलेल्या जुड्या तयार होतात, रॅक सक्रिय केलं की कडेला पसरट पापुद्रे निघतात. पुढे सीडीसी-४२ चं कळलं, त्याने निमुळते कोंब फुटतात. म्हणजे एका प्रथिनाचं बटण दाबलं की अख्ख्या पेशीतली ॲक्टिनची मांडणी बदलते. हा हुकूम नाही तर काय? फॉर्मिन आणि आर्प २/३ कधी, कुठे जागे होणार हे याच साखळीतून ठरतं. मुकादम नाही म्हणू नका, तो केंद्रकात बसत नाही एवढं म्हणा. पेशीपटलाखाली बसतो.

तिरपागडे

वा! कुणीतरी माझ्या बाजूने आलं. अर्धं का होईना.

नऊअधिकदोन

किरमिजी, ऱ्हो-रॅकचं मान्यच आहे. पण ते 'इथे सुरू करा' एवढंच सांगतात. जाळं कसं विणायचं हे ते सांगत नाहीत, आणि याला चांगला पुरावा आहे.

लिस्टेरिया हा जिवाणू आपल्या पेशीत शिरला की ॲक्टिनची लांब शेपटी मागे सोडत आत धावतो. त्याच्या पृष्ठभागावर ॲक्ट-ए हे प्रथिन असतं, ते आपलं आर्प २/३ जागं करतं. १९९९ मध्ये मारी-फ्रान्स कार्लिए यांच्या गटाने पेशी पूर्ण बाजूला ठेवली आणि परीक्षानळीत शुद्ध केलेली प्रथिनं घेतली: ॲक्टिन, आर्प २/३, कोफिलिन आणि टोकाला टोपी घालणारं कॅपिंग प्रोटीन. वर एटीपी. जिवाणू चालायला लागला. प्रोफिलिन वगैरे घातल्यावर चाल सुधारली, पण त्यांच्यावाचून अडलं नाही.

गंमत टोपीची आहे. वाढ थांबवणारं प्रथिन चालण्यासाठी अत्यावश्यक कसं? कारण ते नसेल तर सगळीकडचे तंतू वाढत बसतात आणि मोकळा ॲक्टिन तिथेच संपतो. जुन्या टोकांना टोप्या बसल्या की माल उरतो, आणि तो जिवाणूच्या पाठीशी नव्याने फुटणाऱ्या फांद्यांना मिळतो.

किरमिजी

आणि ॲक्ट-ए कुठे होतं? जिवाणूच्या एका टोकाकडे जास्त. दिशा त्यानेच दिली. तुम्ही मुकादम बाहेरून आणलात आणि म्हणताय मुकादम नव्हता :)

शैवाल

हा मुद्दा बिनतोड आहे, पण एक पुरवणी. ॲक्ट-ए सगळ्या बाजूंनी सारखं लावलेले गोल प्लास्टिकचे मणी घेतले तरी काही वेळाने भोवतालचं ॲक्टिनचं कवच एका बाजूला फुटतं आणि मणी दुसरीकडे धावू लागतो. म्हणजे दिशा आधी दिलेली नसली तरी निर्माण होऊ शकते. बाहेरून ढकलणारे ताण वाढत जातात आणि कुठेतरी तोल जातो.

खडूफळा

ॲक्टिनवरच सगळे अडकलेत. मायक्रोट्यूब्यूलचं वागणं तर याहून विचित्र.

अल्फा आणि बीटा ट्यूब्युलिनची जोडी हा घटक, साधारण ८ नॅनोमीटर लांब. अशा जोड्यांच्या बहुतेक वेळा १३ रांगा मिळून पोकळ नळी होते. १९८४ मध्ये टिम मिचिसन आणि मार्क किर्श्नर यांनी दाखवलं की एकाच द्रावणात, एकाच वेळी काही नळ्या वाढत असतात आणि शेजारच्याच कोसळत असतात. कारण इथेही तसंच, फक्त एटीपीऐवजी त्याचाच भाऊबंद जीटीपी. नळीच्या टोकाला जीटीपीवाल्या नव्या जोड्यांचं आवरण आहे तोवर नळी वाढते. ते संपलं की रांगा बाहेरच्या बाजूला वळतात आणि नळी झपाट्याने उसवते.

वरवर पाहिलं तर ही निव्वळ उधळपट्टी. बांधायचं आणि मोडायचं. पण विभाजनाच्या वेळी गुणसूत्रं कुठे आहेत हे नळ्यांना ठाऊक नसतं. त्या सगळ्या दिशांना वाढतात, काही लागलं नाही तर कोसळतात, परत दुसरीकडे वाढतात. जिचं टोक गुणसूत्राच्या कायनेटोकोरला (नळी पकडायच्या जागेला) लागतं ती स्थिर होते. विभाजनाच्या काळात बऱ्याच नळ्यांचं अर्धायुष्य एका मिनिटाच्याही आत असतं, एरवी काही मिनिटं. शोध घ्यायची ही रीत मला कुठल्याही आराखड्यापेक्षा हुशार वाटते.

अवांतर: थंडीत या नळ्या विरघळतात. जुन्या पद्धतीत ऊती थंड ठेवून ऑस्मियमने पक्क्या करायचे, त्यामुळे बऱ्याचदा नळ्या दिसायच्याच नाहीत. ग्लुटारल्डिहाइड आलं आणि १९६३ मध्ये लेडबेटर आणि पोर्टर यांनी वनस्पतीपेशीत त्यांचं नीट वर्णन केलं.

मोरपंखी

माझा विज्ञानाशी संबंध नाही, पण मावशीला केमोत पॅक्लिटॅक्सेल होतं. डॉक्टरांनी सांगितलं की ते 'पेशीच्या नळ्यांवर' काम करतं. म्हणजे याच नळ्या का? तिचे तळपाय बधिर झाले होते, ते कशाने?

खडूफळा

@मोरपंखी, याच. पॅक्लिटॅक्सेल प्रशांत किनाऱ्यावरच्या यू झाडाच्या सालीतून मिळालं. १९७९ मध्ये सुझन हॉरविट्झ यांनी दाखवलं की ते नळ्या मोडू देत नाही, घट्ट करून टाकतं. उलट सदाफुलीतून मिळणारी व्हिन्क्रिस्टीन, व्हिनब्लास्टीन ही औषधं नळ्या बांधूच देत नाहीत. एक मोडू देत नाही, दुसरं बांधू देत नाही, आणि दोन्हींनी विभाजन अडतं! नळी असण्याइतकंच तिचं बदलत राहणं गरजेचं आहे.

पायांचं म्हणाल तर चेतापेशी विभाजित होत नाहीत, पण त्यांच्या लांब अक्षतंतूतली सगळी ने-आण याच नळ्यांवरून होते. पायापर्यंत जाणारे अक्षतंतू सगळ्यात लांब, जवळपास मीटरभर. जलद वाहतूकसुद्धा दिवसाला २०० ते ४०० मिलीमीटर. त्यात बिघाड झाला की झळ आधी लांबच्या टोकाला पोचते. हे एक मोठं कारण मानलं जातं.

मोरपंखी

धन्यवाद. इतकं सोपं करून आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

आडवाटे

सदाफुलीवरून आठवलं, कळलावीतही असंच काहीतरी असतं ना?

खडूफळा

कोल्चिसीन. कळलावीच्या कंदात आणि बियांत असतं, गाऊटच्या औषधात वापरतात. ट्यूब्युलिन हे प्रथिन मुळात कोल्चिसीनला चिकटणारं प्रथिन म्हणूनच हाती लागलं, १९६० च्या दशकात. ते काम करणाऱ्यांत वर शैवाल यांनी सांगितलेले गॅरी बोरिसी होते. आणि कृपया कुणी कंद उकरून प्रयोग करू नका, कळलावी जीवघेणी विषारी आहे.

पाणकावळा

ते किनेसिनचं (याच नळ्यांवरून माल वाहणारं प्रथिन) दोन पायांवर चालणारं ॲनिमेशन कुणी पाहिलंय का? मोठा गोळा ओढत ऐटीत चाललेलं असतं. मी तर त्याच्या प्रेमात आहे.

नऊअधिकदोन

सगळेच असतात. पावलाची लांबी खरी आहे, ८ नॅनोमीटर, आणि एका पावलाला एक एटीपी. ऐट मात्र खोटी. प्रत्यक्षात आजूबाजूचे पाण्याचे रेणू त्याला सतत धडका देत असतात. मोकळा पाय आधी वेडावाकडा फडफडतो आणि मग पुढच्या जागी जाऊन बसतो. ॲनिमेशनवाल्यांनी तो सगळा गोंधळ पुसून टाकलाय, आणि लोकांना वाटतं की प्रथिनाला कुठे जायचंय ते माहीत आहे. तिरपागडेंचा मूळ प्रश्नही मला वाटतं अशाच चित्रांमुळे पडतो.

पण किनेसिन-डायनिनसारखी मोटार प्रथिनं फक्त हमाली करत नाहीत, मांडणीही करतात. १९९७ मध्ये नेडेलेक, सरी, लायब्लर वगैरेंनी नुसते मायक्रोट्यूब्यूल आणि एकाच वेळी दोन नळ्या पकडू शकणारे किनेसिनचे संच एकत्र केले. बाकी काही नाही. नळ्या आपोआप ताऱ्यांच्या आणि भोवऱ्यांच्या आकारात लागल्या. कुठला आकार मिळणार हे मोटारींच्या प्रमाणावर अवलंबून होतं.

किरमिजी

सेंट्रोसोमचं काय मग? त्यात गॅमा ट्यूब्युलिनची कडी असतात, तिथूनच नळ्या निघतात. याहून स्पष्ट केंद्रीय कार्यालय कुठलं हवं?

शैवाल

वनस्पतींना सेंट्रोसोम नसतो. त्यांचं काही अडलेलं दिसत नाही.

प्राण्यांतही २००६ मध्ये फळमाशीचा असा वाण तयार केला गेला की ज्यात सेंट्रिओल (सेंट्रोसोमच्या गाभ्यातल्या छोट्या नळकांड्या) बनतच नाहीत. अळीपासून पूर्ण वाढलेल्या माशीपर्यंत सगळं शरीर बनलं. माशा पुढे लवकर मेल्या, पण विभाजन अडल्यामुळे नाही. संवेदी चेतापेशींना पक्ष्माभिका (पेशीवरचे केसासारखे धागे, सिलिया) नसल्यामुळे, कारण पक्ष्माभिकेला बूड म्हणून सेंट्रिओल लागतोच.

किरमिजी

हे माहीत नव्हतं. मात्र गॅमा ट्यूब्युलिन वनस्पतीतही असतं, फक्त विखुरलेलं. कार्यालय एक नाही, शाखा अनेक, असं म्हणा.

गवतफुला

तुम्ही सगळे मधल्या भावंडाला विसरलात! इंटरमीजिएट फिलामेंटला कुणी विचारतच नाही. त्यांना दिशा नाही, एटीपी-जीटीपी नाही, त्यांच्यावरून चालणारी मोटार नाही. म्हणून प्रयोगवाल्यांना कंटाळवाणी वाटतात. पण केराटिन ५ किंवा १४ मध्ये उत्परिवर्तन झालं तर त्वचेच्या तळच्या थरातल्या पेशी नुसत्या घासण्याने फाटतात आणि अंगावर फोड येतात. केंद्रकाच्या आतलं अस्तर असलेलं लॅमिन-ए बिघडलं की मुलं अकाली वृद्ध होतात, प्रोजेरियाचं हे कारण २००३ मध्ये सापडलं. प्लेक्टिन नावाचं भलंमोठं प्रथिन या तंतूंना ॲक्टिनशी आणि मायक्रोट्यूब्यूलशी जोडून ठेवतं. ताण येतो तेव्हा कोण उभं राहतं ते बघा.

बाराखडी

'ताण येतो तेव्हा कोण उभं राहतं ते बघा'. हे मी स्टेटसला ठेवतोय.

तिरपागडे

सगळं दोनदा वाचलं. केंद्रकाचा आग्रह सोडून प्रश्न जरा बारीक करतो. एक प्रथिन ५-१० नॅनोमीटरचं. पेशी त्याच्या हजारपट मोठी. शेजारी कोण आहे एवढं त्याला कळेल, मान्य. पण 'पेशीचा मध्य' ही गोष्ट शेजाऱ्यावरून कशी कळेल? शैवाल यांनी हाच प्रश्न विचारला होता, पण स्वतः उत्तर दिलं नाही.

शैवाल

पकडलंत. रंगपेशीच्या तुकड्यात उत्तर नळ्यांच्या वाढण्या-मोडण्यात आणि डायनिनच्या ओढीत आहे. नळ्या तुकड्याच्या कडेपर्यंत पोचतात, त्यामुळे आतला ढीग कडेपासून किती लांब आहे याची खबर नळीच्या लांबीतच असते. दर बाजूच्या ओढी-रेट्याची बेरीज शून्य होते ती जागा मध्य.

नऊअधिकदोन

याहून स्वच्छ उदाहरण ई. कोलाय जिवाणूचं. (हो, जिवाणूंनाही सांगाडा असतो. एफटीएस-झेड हे ट्यूब्युलिनचं दूरचं नातेवाईक, एमआरई-बी ॲक्टिनचं.) एफटीएस-झेडचं कडं बरोबर मधोमध लागतं आणि तिथे पेशी दुभंगते. मध्य शोधून देतात मिन प्रथिनं. मिन-डी एटीपी घेऊन पटलाला चिकटतं, मिन-ई त्याला तिथून सोडवतं. या दोघांच्या झटापटीत मिन-डीचा जथा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हेलकावे खात राहतो, साधारण मिनिटाला एक फेरी. मिन-सी त्याच्याबरोबर फिरतं आणि जिथे असेल तिथे कडं होऊ देत नाही. सरासरी काढली तर त्यांचा वावर टोकांना जास्त, मध्ये सगळ्यात कमी. म्हणून कडं मध्ये.

२००८ मध्ये श्विले यांच्या गटाने मेदाचा सपाट पापुद्रा, मिन-डी, मिन-ई आणि एटीपी एवढ्यावर या लाटा पेशीबाहेर उठवून दाखवल्या.

तिरपागडे

आणि पेशी लांब झाली तर? मध्य बदलेल ना?

नऊअधिकदोन

विभाजन अडवून ई. कोलाय लांबलचक वाढू दिला तर मिन-डीचे एकाऐवजी अनेक पट्टे होतात, ठरावीक अंतराने, आलटून पालटून.

किरमिजी

बॅसिलस सबटिलिसमध्ये मिन-ई नाहीच. तिथे हेलकावे नाहीत. डिव्ह-फोर-ए हे प्रथिन टोकांना ठाण मांडून बसतं आणि मिनला तिकडे धरून ठेवतं. एका जिवाणूला मुकादम लागतो, दुसऱ्याला नाही!

शैवाल

आणि डिव्ह-फोर-ए टोक कसं ओळखतं? पटलाच्या आतल्या बाजूचा खोलगट बाक जिथे जास्त, तिथे ते जमतं. आकार वाचतं ते.

किरमिजी

आकार कुणी दिला? पेशीभित्तीने. भित्ती कुठे बांधायची हे कोण सांगतं? एमआरई-बी. म्हणजे सांगाडाच.

नऊअधिकदोन

आणि एमआरई-बीचे तंतू कुठल्या दिशेने लागतात? पटलाचा बाक जिकडे जास्त, तिकडे.

बाराखडी

घ्या.